वजन करून या

खोटं बोलताना आमच्या डॉक्टरांचा हात पेशंटच्या खांद्यावर असायचा. "काही नाही, अल्सर आहे. तिखट बंद करा." असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. नव्वदनंतरची पाच-सहा वर्षं मी त्यांच्या सुरतजवळच्या उधन्यातल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो.

पेशंट बहुतेक कापडाच्या लूमवरचे कामगार, आपल्या खानदेशचे. "माले काय जायं, डाक्टर?" असं कुणी विचारलं आणि दुखणं वाईट असलं, की डॉक्टर म्हणायचे, "आधी वजन करून या." काटा बाहेरच्या खोलीत. तिथे डॉक्टरांच्या पत्नी केसपेपर लिहीत बसायच्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. पेशंटला काट्यावर उभं करून त्या गाव, शेत, लेकी-सुना असं काय काय विचारत राहायच्या, आणि तेवढ्यात डॉक्टर आत नातेवाइकांना खरं सांगून मोकळे व्हायचे. भले भले वहिनींच्या बोलण्यात गुंतायचे. "कळलं की माणूस आधीच मरतो," हे डॉक्टरांचं ठाम मत. मलाही ते पटायचं.

मग वहिनींचंच जेवण तुटलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट मीच आणला. जठराचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी तो वाचून खणात टाकला आणि उरलेले पेशंट तपासले. घरी त्यांनी अल्सर सांगितला.

दोन दिवसांनी अमळनेरहून वहिनींचा भाऊ आला. तिघं आत बसले आणि डॉक्टर सवयीने बोलून गेले, "तू जरा वजन करून ये गं."

वहिनी बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहून मी घाबरलो आणि बावळटासारखं विचारलं, "यंदा अमळनेरला कापूस कसाय, वहिनी?"

"भाऊ, हे तर माझं काम होतं," त्या मला म्हणाल्या. काट्यावर चढल्याच नाहीत. दारातूनच डॉक्टरांना म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्यासाठी लोकांना बोलण्यात गुंतवलं. मला वाटायचं, मी तुमच्या बाजूची आहे."

"अगं, तुझ्यासाठीच..." डॉक्टर म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

त्याच दिवशी वहिनी भावाबरोबर माहेरी गेल्या. डॉक्टर दर रविवारी जायचे. "जेवलात का?" याच्यापुढे त्या काही बोलत नसत.

शेवटी मी एकदा भेटून आलो. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "मी त्यांना माफ नाही केलं, भाऊ. पण त्यांना सांगू नका. त्यांना नाही सोसायचं."

आठवड्याभरात त्या गेल्या. तेरावा उरकून डॉक्टर दवाखान्यात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "माझ्याबद्दल काही बोलली होती का रे?"

"म्हणाल्या, साहेबांवर राग नाही." मी डोळ्यांत बघून, न अडखळता सांगितलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेलो.

ते खुर्ची ओढून बसले.

"आता खरं सांग," म्हणाले.

मी बाटल्या पुसायला घेतल्या.