थ्रॉटलमागचा तळहात

मालकाला धडा शिकवायचा, एवढी एकच इच्छा कॅप्टनने दोन वर्षं जिवापाड जपली होती. या वयात माणसं बागकाम करतात, बुद्धिबळ खेळतात. कॅप्टन सूड जोपासत होता. सकाळी दाढी करताना तो आरशातल्या मालकाला असं काही सुनावायचा की बाहेरून बायको दार वाजवायची, "अहो, शिव्या संपल्या असतील तर बाथरूम सोडा. मला शाळेला उशीर होतोय."

खासगी जेटचा पायलट म्हटलं की लोकांना वाटतं, याच्यासारखा नशीबवान कोणी नाही. प्रत्यक्षात तो असतो पंख लावलेला घरगडी. मालकाकडे अकरा वर्षं नोकरी केली तेवढा काळ कॅप्टनची बॅग दाराशी भरलेली असायची आणि फोन आंघोळीलासुद्धा सोबत. विमान उतरलं की पाहुण्यांचे ग्लास धुणं, खुर्च्यांवरचे केस झटकणं, मालकीणबाईंच्या कुत्र्याला पाय मोकळे करायला नेणं, हीही त्याचीच कामं. त्या कुत्र्याला विमानात हक्काची खुर्ची होती. कॅप्टन मात्र मागच्या कोपऱ्यात उभ्याउभ्या जेवायचा. एअरलाइनच्या पायलटला युनियन असते, सेवाज्येष्ठता असते, पगाराची ठरलेली तारीख असते. खासगी पायलटला मालकाचा मूड असतो. पगार तसा बरा होता, पण करार म्हणून एक चिठोरंही नव्हतं, आणि ते मागायचं धाडस कॅप्टनला अकरा वर्षांत झालं नाही. सगळ्यांसारखाच तोही घाबरत होता.

त्यात त्याने या धंद्यातला माणूसच करील अशी एक चूक केली. शेजारी बसणारा को-पायलट हुशार निघाला. नवखा, काटकुळा, शिकण्याची हौस भारी. कॅप्टनने त्याचं नाव 'पिल्लू' ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं त्याला घडवलं. तो कॅप्टनपदाच्या परीक्षेला बसला तेव्हा शिफारसही यानेच केली. बायकोने तेव्हाच बजावलं होतं, "तो कॅप्टन झाला की मालकाकडे दोन कॅप्टन होतील. एक महाग, एक स्वस्त. पुढचं गणित मी माझ्या पाचवीच्या वर्गालासुद्धा घालते."

कॅप्टन हसला होता. "पिल्लू तसा नाही गं." पिल्लू पास झाला, तरी शेजारच्या खुर्चीतच बसत राहिला.

आता त्या थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याचं, सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. उड्डाणाच्या वेळी विमान धावपट्टीवर एका ठरावीक वेगाला पोहोचलं की मग थांबायचं नसतं. इंजिन बंद पडलं तरी एका इंजिनावर उडायचंच, कारण थांबायला पुढे पट्टी उरलेली नसते. म्हणून त्या वेगाला कॅप्टनने थ्रॉटलवरून हात काढून घ्यायचा. हात तिथे राहिला की घाबरून मागे ओढण्याचा मोह होतो. जगभर हीच शिस्त आहे. पण मालकाच्या विमानाचा उजवा थ्रॉटल सैल झाला होता. धावताना तो थरथरत आपला आपण मागे सरकायचा. दुरुस्तीचं विचारलं की मालकांचा मॅनेजर म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू." मालकीणबाईंच्या केबिनमधला गालिचा त्याच काळात दोनदा बदलला. शेवटी कॅप्टनने स्वतःच तोडगा काढला. चाकं उचलेपर्यंत तळहात थ्रॉटलच्या मागे टेकवून ठेवायचा. पिल्लूलाही त्याने तेच शिकवलं. "पुस्तक बाजूला ठेव, हात इथे ठेव," असं म्हणत त्याचा हात धरून शिकवलं.

एका सकाळी इंजिनं तपासताना तो थ्रॉटल पार मागे घसरला. कॅप्टन खाली उतरला. मालक पाहुण्यांसह शिडीपाशी उभे होते.

"दुरुस्त केल्याशिवाय उडता येणार नाही," कॅप्टन म्हणाला.

"विमान कोणाचं आहे?" मालकांनी विचारलं.

"विमान तुमचं. उडायचं की नाही, ते मी ठरवतो."

मालकांनी खिशातून फोन काढला. कॅप्टन हँगरच्या कँटीनमध्ये चहा घेत होता तेव्हा मॅनेजरचा मेसेज आला की उद्यापासून येण्याची गरज नाही. अकरा वर्षांचा हिशेब एका ओळीत संपला. त्याच वेळी बाहेर इंजिनं सुरू झाली. कॅप्टन कप हातात धरून दारात आला. डाव्या खुर्चीत, त्याच्या खुर्चीत, पिल्लू बसला होता. त्याने एकदाही इकडे पाहिलं नाही. तोच सैल थ्रॉटल तळहाताने रेटत तो उडाला, अर्ध्या पगारात कॅप्टन झाला आणि कॅप्टनला कळलं की आपण सापाला दूध पाजलं.

पुढे मालकांनी आणखी एक उपकार केला. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. कॅप्टन कुठेही नोकरीला गेला की तिथून मॅनेजरला फोन जायचा आणि मॅनेजर गोड आवाजात सांगायचा, "माणूस चांगला आहे हो. फक्त, उडवायला ठेवला होता आणि तो थांबवत बसायचा." एवढं पुरेसं होतं. वर्षभर घर बायकोच्या पगारावर चाललं. मग एका प्रशिक्षण केंद्राला शिक्षक कमी पडले म्हणून त्याला घेतलं, तेही तासांवर. जितके तास, तितके पैसे. वर्षभरात तो परीक्षक झाला. सहा पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात, बसून तो लोकांची इंजिनं बंद पाडायचा आणि ते काय करतात ते बघायचा. दर काही महिन्यांनी प्रत्येक पायलटला अशी परीक्षा द्यावी लागते. नापास झाला की पुन्हा पास होईपर्यंत विमानाला हात लावता येत नाही.

आज ना उद्या पिल्लू इथे येणार, हे कॅप्टनला ठाऊक होतं. तो दबा धरून बसला होता.

पिल्लू आला तो वाळून गेलेला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कॅप्टनला बघून त्याचा चेहरा एवढासा झाला, मग त्याने उसनं हसू आणलं. "तुम्ही आहात म्हणून बरं वाटलं, सर."

'वाटू दे बरं,' कॅप्टन मनात म्हणाला.

खोड नेमकी कुठे आहे ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? ती त्यानेच तर लावली होती. त्याने विमान जड ठेवलं, पट्टी आखूड ठेवली आणि वेग त्या ठरावीक आकड्याच्या जेमतेम पुढे जाताच डावं इंजिन बंद केलं. पिल्लूचा तळहात थ्रॉटलच्या मागेच होता. घंटा वाजली, बोटं मिटली आणि दोन्ही थ्रॉटल मागे आले. विमान थांबेना. पट्टी संपली, कुंपण अंगावर आलं, पांढरं धूड गदगदा हललं आणि पडदा लाल झाला.

एरवी कॅप्टन अशा वेळी म्हणायचा, "पुन्हा एकदा करू." त्या दिवशी तो म्हणाला, "नापास."

पिल्लू आपल्या हाताकडे बघत बसला. "सर, हा हात..."

"काय?"

शेजारी केंद्राचा दुसरा शिक्षक बसला होता. पिल्लूने एकदा त्याच्याकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला.

दुपारीच मॅनेजरचा फोन आला. आवाज तोच, साखरेत घोळलेला. "कॅप्टन, त्या पोराला काढलं. मालक म्हणतात, जुनं सगळं विसरून जाऊ. गुरुवारी सकाळी त्यांना भावांकडे जायचंय, धंद्याच्या वाटणीची बैठक आहे. भाड्याचं विमान मालकांना चालत नाही, तुम्हाला माहीतच आहे. या."

"पगार?"

"पोराला होता तोच. बाजार पडलाय."

"आणि करार?"

"अहो, घरच्या माणसाला कागद कशाला? मालकांचा शब्द आहे की."

कॅप्टनच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. "मग माझाही शब्द घ्या," तो म्हणाला. "गुरुवारी दुसरा कोणी शोधू नका."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. गुरुवारी मालक शिडीपाशी उभे राहणार, भाऊ तिकडे वाटणी करणार, आणि हा जाणारच नाही! शेरास सव्वाशेर! ती वह्या तपासत होती. लाल पेन न थांबवता तिने विचारलं, "त्या पोराचं काय?"

"त्याने माझी खुर्ची घेतली."

"खुर्ची मालकाने दिली. आणि हात तुम्ही शिकवलात." आता तिने पेन ठेवलं. "त्याची बायको बाळंत झालीये, फोटो आला होता मला. तुम्ही वाघ मारायला म्हणून निघालात आणि गोठ्यातलं वासरू मारून आलात. वर मलाच शौर्य सांगताय?"

कॅप्टन चवताळला. मग त्याला लाज वाटली. लाज वाटली तरी मालकाचा राग तसूभर कमी झाला नाही, उलट आता तो सगळाच्या सगळा योग्य माणसावर आला.

त्याने केंद्राला सांगून पिल्लूचा सराव लावला. सिम्युलेटरचे पैसे आपल्या मानधनातून कापायला सांगितले. परीक्षा मुद्दाम गुरुवारी सकाळी ठेवली.

गुरुवारी कॅप्टनचा फोन मागच्या टेबलावर थरथरत होता. मॅनेजर, पुन्हा मॅनेजर, मग एक अनोळखी नंबर. तिकडे नवा को-पायलट विमानात तयार बसला असेल, मालक घड्याळ बघत असतील. तो प्रत्येक आवाज कॅप्टन लाडू चाखावा तसा चाखत होता. इकडे वेग आकड्याला पोहोचला, पिल्लूने हात उचलून मांडीवर ठेवला, इंजिन बंद पडलं, आणि विमान थोडं तिरकं होत सरळ वर गेलं. सगळी परीक्षा झाली. कॅप्टनने पासची सही केली.

"मागच्या वेळी तुम्ही मला मुद्दाम पाडलंत ना, सर?" पिल्लूने विचारलं.

"हो."

"मला कळलं होतं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची ही नोकरी गेली असती," पिल्लू म्हणाला. "आणि त्या दिवशी मी उडायला नको होतं. कर्ज होतं. घाबरलो."

कॅप्टनने खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐक. मालक तिथे अडकलेत. उडवू शकेल असा माणूस आज त्यांना एकच आहे, तो म्हणजे तू. अशी वेळ आपल्या लोकांच्या आयुष्यात एकदा येते. तीन गोष्टी माग. पूर्ण पगार. लेखी करार. आणि काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस. मालकांनी सही करून फोटो पाठवला की मगच इथून निघायचं. म्हण बघू."

"पूर्ण पगार, लेखी करार, तीन महिन्यांची नोटीस."

"जोरात."

पिल्लूने जोरात म्हटलं. कॅप्टनने फोन उचलला. मॅनेजर ओरडायच्या आत तो शांतपणे म्हणाला, "मी येत नाही. पण पास झालेला कॅप्टन माझ्यासमोर बसलाय. मालकांना म्हणावं, त्याला स्वतः फोन करा आणि त्याचं ऐकून घ्या." दोन वर्षांत इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. आपला नाही तर नाही, निदान याचा कागद होईल. मालकाला नोकरापुढे हात पसरताना आपण ऐकू. त्याने पिल्लूला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

फोन वाजला. पडद्यावर 'मालक' असं नाव आलं, आणि ते बघताच पिल्लू ताडकन उभा राहिला, इतक्या जोरात की त्याचं डोकं सिम्युलेटरच्या छताला आपटलं.

"कुठे आहेस रे?" मालकांचा आवाज आला. बस्स, एवढंच.

"इथेच सर. हो सर. लगेच सर. निघालोच सर."

फोन बंद झाला. पिल्लू एका हाताने डोकं चोळत दुसऱ्या हाताने बॅग शोधत होता. कॅप्टनने ती त्याच्या पायाशीच असल्याचं दाखवलं नाही, पण त्याला ती सापडली.

"अरे, पगार तरी विचार!" कॅप्टन म्हणाला.

दारात पिल्लू वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. "कागदाचं पुढच्या वेळी बघतो, सर," तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत पळत सुटला.