मेलेल्या उंदराची शिकार

शिकार हा निसर्गाचा सनातन विधी आहे, असं आमचे शेजारी आपटे सांगत. त्यांच्याकडे काचेच्या पेटीत एक परदेशी अजगर आहे. त्याला जिवंत उंदीरच द्यायचा, असा त्यांचा नियम होता. हा विधी ठाऊक नसलेल्या एका उंदराने अजगराच्याच पाठीचा लचका तोडला. जखम भरली, पण अजगराने खाणं सोडलं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेलेला उंदीर द्या. बर्फात ठेवलेला आणायचा, कोमट पाण्यात गरम करायचा आणि चिमट्यात धरून हलवायचा.

परवा मी गेलो, तेव्हा आपटे पेटीपुढे बसून उंदीर हलवत होते. अजगर बराच वाळला होता.

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, आज संकष्टी. गणपतीचं वाहन आहे ते!"

"अगं, हा मेलेलाच आणलाय."

"मग नाचवताय कशाला?"

आपट्यांनी चिमटा आणखी थोडा पुढे नेला. त्यांचं सगळं लक्ष अजगराच्या तोंडाकडे होतं. मला वाटलं, बऱ्याचशा सनातन गोष्टी अशाच कुणीतरी चिमट्यात धरून हलत्या ठेवलेल्या असतात. हलवणाऱ्याचा हात भरून येतो, पण थांबायची त्याला भीती वाटते.

पाऊण तासाने अजगराने झडप घातली. आपट्यांनी डोळे पुसले. अजगराने उंदराभोवती दोन वेटोळी घातली, तो मरेपर्यंत नीट आवळला आणि मग गिळला.