टंगस्टनची तार

नव्वदच्या दशकात मी हेब्बाळजवळच्या एका संस्थेत पीएचडी करत होते. आमची प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे केसाहून बारीक टंगस्टनच्या तारेला एक आडवी दांडी टांगलेली होती, एका टोकाला तांबं, दुसऱ्या टोकाला शिसं. सगळं एका निर्वात पात्रात बंद. ती तार ओढून, तापवून, टांगून देणारे तंत्रज्ञ विजापूरकडचे होते. घरात मराठी, बाहेर कन्नड. मी त्यांना अण्णा म्हणे आणि ते मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण.

एकदा त्यांनी विचारलं, "तंगी, वीस वर्षं तारा टांगतोय. तुम्ही शोधताय काय, ते कुणी नीट सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "अण्णा, बंद पडलेली गाडी ढकलताना ती हटून बसते ना? ते एक वस्तुमान. आणि तीच गाडी जॅकवर उचलताना जड लागते, कारण पृथ्वी तिला खाली ओढते. ते दुसरं. हटून बसणं आणि ओढलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तरी जितकं एक, तितकंच दुसरं. असं का, हे कुणी पायापासून सिद्ध केलेलं नाही. तांब्यात आणि शिशात यात केसभर जरी फरक निघाला, तर सूर्याच्या ओढीने ही दांडी रोज किंचित वळेल."

"आणि नाही वळली तर?"

"तर फरक नाही, असं लिहायचं."

ते हसले. "म्हणजे काही झालं नाही, हे बघायला एवढी वर्षं!"

त्या वेळची तार स्थिर व्हायलाच चार महिने गेले. मग आकडे येऊ लागले. एका दुपारी अण्णा जेवायला गेले असताना वीज गेली आणि पात्रातली हवा ओढणारा पंप थांबला. काय करायचं ते मला पाठ होतं. आधी पात्राचा व्हॉल्व्ह बंद, मग पंपात सावकाश हवा. मी घाबरून भलताच व्हॉल्व्ह फिरवला. हवा फुस्सकन पात्रात शिरली आणि तार तुटून आत दांडी आपटल्याचा आवाज आला, अगदी बारीक, चमचा पडावा तसा.

अण्णा डबा हातात घेऊनच आले. त्यांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागोमाग माझे मार्गदर्शक सर आले.

"व्हॉल्व्ह कोणी उघडला?"



"मी, सर," अण्णा म्हणाले.

आठवड्याभरात त्यांना भांडारात पाठवलं. स्क्रू, बल्ब, झाडू वाटायचं काम. मी भेटायला गेले तर म्हणाले, "तुझी फेलोशिप गेली असती. माझी नोकरीची तीनच वर्षं उरलीत. सरी, ठीक आहे, जाऊ दे." मी जाऊ दिलं. मला हायसं वाटलं, हेही खरं.

नवी तार दुसऱ्या कुणी टांगली. फरक सापडला नाही. तसं लिहून मला पदवी मिळाली. त्या दिवशी मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा पुसला. "ठाऊक होतं. त्यांच्या हातून असलं होणं शक्यच नव्हतं. पण विद्यार्थिनी गमावली असती तर प्रकल्पच बंद पडला असता. माणूस स्वतः पुढे झाला, मी कशाला अडवू?"

तोवर अण्णा निवृत्त झाले होते. मी बनशंकरीला त्यांच्या घरी गेले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कॉफी दिली. अण्णांना बरं वाटेल, त्यांच्यावरचा ठपका पुसला जाईल, अशा भाबड्या समजुतीने मी सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

अण्णांनी कप हातात फिरवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, सरांचा गैरसमज झालाय. गैरसमज झाला तर माणूस काय करणार? म्हणून राग नव्हता." त्यांनी कप खाली ठेवला. "ठाऊक असून हलवलं होय."

अक्का दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तीन वर्षं हे घरी येऊन सरांचं चांगलंच बोलायचे."

मी माफी मागितली. अण्णांनी मान हलवली; ती होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले नाहीत. पुढे दिवाळीला मी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.