हिरव्या भातातला तारपा

नवसीला झोप कुठेही लागायची. पालघरच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, त्यामुळे तासाला झोपणारी मुलं मला नवीन नाहीत. पण ही पोरगी डोळे उघडे ठेवून झोपायची. ओरडायला जावं तर विचारलेल्याचं उत्तर बरोबर द्यायची. मग ओरडणार तरी काय, कपाळ?

दोष तिचा नव्हताच. मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या कॉलेजशी जुळवून कलाव्यवस्थापनाचं एम.ए. सुरू केलं होतं. नाच, नाटक, चित्रं यांचे कार्यक्रम कसे उभे करायचे, कलाकार आणि प्रेक्षक यांची मोट कशी बांधायची, याचं शिक्षण. त्यातलं आमिष असं की बी.ए.च्या शेवटच्या वर्षातच एम.ए.चे निम्मे विषय उरकायचे, म्हणजे एक वर्ष वाचतं. सकाळी बी.ए., दुपारी एम.ए., आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा मोबाइलवर तास. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी स्टाफरूममध्ये म्हणाले. झालं, त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयाचं काम माझ्याच गळ्यात पडलं. चिंचणीहून जाऊन-येऊन मी आधीच अर्धी झाले होते.

नवसीला ते एक वर्ष हवंच होतं. उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. बाप जिवल्या आणि आई बायडी पावसाळ्यात आपलं थोडं भात करायचे आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. भट्टीच्या धुरानं आणि धुळीनं बायडीला आता चार पावलं चाललं तरी धाप लागायची. नवसीला नोकरी लागली की भट्टी सुटणार होती. वर्ष वाचलं म्हणजे आईचा भट्टीवरचा एक हंगाम वाचला. हे तिनं मला एकदाच सांगितलं. त्यानंतर मी तिला तासाला खुशाल झोपू दिलं.

जिवल्या पाड्याचा तारपकरी. वाळवलेल्या भोपळ्याचं, लांबलचक कर्ण्याचं ते वाद्य त्यानं फुंकलं की अख्खा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरायचा. पण भात शेतात हिरवं असताना तारपा फुंकायचा नाही, अशी त्यांची रीत. नवं भात देवाला दाखवायचं, मगच आढ्याला टांगलेला तारपा उतरवायचा.

परीक्षेसाठी प्रत्येकानं एक जाहीर कार्यक्रम उभा करायचा होता. तो ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे भात घरात आल्यावर होता, म्हणून नवसीनं बापाचा तारपा ठरवला. जुलैत संस्थेनं कळवलं, सगळे कार्यक्रम ऑगस्टमध्येच संपवायचे. मंजूर झालेला विषय आता बदलता येणार नाही. जमत नसेल त्यानं पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर करावा. म्हणजे वाचलेलं वर्ष गेलंच. मी फोन करून भांडले. पलीकडचे गृहस्थ साखरेत घोळून म्हणाले, की वेग हेच तर या अभ्यासक्रमाचं वैशिष्ट्य आहे. मोबाइल आपटता येत नाही, हे मोठंच दुःख आहे.

नवसी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, बा वाजवणार हाय. तू त्याला वाजव म्हणालीस का, मी विचारलं.

"नाय मॅडम. मी फक्त सांगितलं."

अशा बापाला सांगणं म्हणजे मागणंच, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. जिवल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलला होता, "तुजं वरीस फुकट जाया नको." बायडी उठून चुलीशी गेली होती.

पाड्यातलं कुणी नाचायला आलं नाही. नवसीनं कॉलेजची मुलं गोळा केली, त्यांना पावलं शिकवली, सभागृह मिळवलं, खुर्च्या लावल्या, परीक्षकांच्या चहाचंसुद्धा बघितलं. कार्यक्रम उत्तम झाला. जिवल्यानं जीव ओतून फुंकलं, परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी नवसीला शोधत मागे गेले, तर ती रिकाम्या खोक्यावर बसून दोन्ही कानांवर हात ठेवून रडत होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी नुसतीच उभी राहिले.

ती पहिल्या वर्गात पास झाली. पाड्यात भातही नेहमीसारखंच आलं. भात बिघडलं असतं तर भांडण झालं असतं, जिवल्यानं दंड भरला असता आणि प्रकरण मिटलं असतं. काहीच बिघडलं नाही, त्यामुळे मिटवायचं तरी काय? कुणी त्याला बोललं नाही. त्याच्या ओट्यावर मात्र कुणी टेकेना.

दिवाळीत नवसीनं मला घरी बोलावलं. संध्याकाळी मोकळ्या जागेत माणसं जमली आणि शेजारच्या पाड्याचा बन्सी तारपा घेऊन आला. पाड्यानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. जिवल्या ओट्यावर माझ्याजवळ बसला होता. तो मला एम.ए.चं विचारत होता, आता किती राहिलं, नोकरी मुंबईत मिळेल की बोईसरला. मी काहीबाही सांगत होते. माझं लक्ष त्या सुरांकडे आणि त्याचं माझ्याकडे, अशी आमची उलटी गत.

मग तो बोलता बोलता उठला, चालत गेला आणि नाचणाऱ्यांच्या रांगेच्या शेपटाला उभा राहिला. शेवटच्या माणसानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला आपल्या कमरेला हात घालू दिला. नवसी माझ्या शेजारून धावली आणि बापाच्या पलीकडे जाऊन लागली.

जिवल्याला नाचता येत नव्हतं. जन्मभर त्यानं पाड्याला नाचवलं होतं, स्वतः रांगेत कधी उभाच राहिला नव्हता. त्याचा पाय उशिरा पडायचा, रांग अडखळायची, पोरं हसायची. तो मान खाली घालून पावलं जुळवत होता.

"पाय नको बघू, बा," नवसी म्हणाली. "तारप्याकडं बघ, मग पाय आपोआप पडतो."

जिवल्यानं एकदा मान वर केली. बन्सी गाल फुगवून फुंकत होता. जिवल्या पुन्हा पायच बघायला लागला, आणि नवसीनं त्याला दुसऱ्यांदा सांगितलं नाही.