ते विनोद मी लिहिले नव्हते

मला या जिल्ह्यातला रेडिओवरचा पहिला विनोदी लेखक म्हणतात. त्यापायी मिळालेल्या शाली घरात आहेत. लेखक मी नव्हतो. लेखक नळदुर्गचा एक विणकर होता, आणि तो माणूस मला कधीच आवडला नाही.

निजामाच्या राज्यात हैदराबादच्या रेडिओवर अधूनमधून मराठी कार्यक्रम होत. मी मास्तर, उर्दू-मराठी दोन्ही लिहायचो. तो निरक्षर, पण उरुसात तो बोलायला लागला की माणसं हसून लोळायची. रेडिओवर बोलायचं तर मजकूर आधी कागदावर तपासायला द्यावा लागे. मग तो मागावर बसून बोलायचा, मी उतरवून घ्यायचो आणि खाली माझं नाव घालायचो. नुसतं बोलणाऱ्यालाही लेखक म्हणता येतं, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कार्यक्रमात मी तहसील कचेरीतला पेशकार व्हायचो, तो धनगर.

"ही बकरी कुणाची रे?"

"पीक खाल्लं की माझी, साहेब. दूध दिलं की पाटलाची."

एकदा मी माझं एक वाक्य मधे घुसवलं. वाचून दाखवताच तो थुंकला. "मास्तर, मेलेल्या म्हशीला गुदगुल्या करतोस व्हय? तू निस्तं टिपून घे. डोकं लावू नको." त्याच्या बायकोपोरांसमोर म्हणाला. सगळी हसली.

निजामाचं राज्य गेलं. रेडिओच्या नव्या साहेबांनी दोघांना बोलावलं. पगारी जागा एकच होती, लिहिणाऱ्याची. त्याचा माग बंद पडला होता, पोरं एक वेळ जेवत होती. मला शाळेचा पगार होता. तो बाहेर बाकावर बसला, मला आत घेतलं. साहेबांनी जुने कागद पुढं केले.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंत?"

"हो," मी म्हणालो. "तो फक्त आवाज काढतो."

त्याला आत बोलावलंच नाही. मी बाहेर आलो तेव्हा तो उभा राहिला. "माझं काय म्हणले, मास्तर?" इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मला बरं वाटलं. "कळवतील," मी म्हणालो.

बऱ्याच वर्षांनी नळदुर्गला गेलो. सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर तो भांडी घासत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माफी मागायला आलास व्हय? मग जा, रेडिओवर माग. चोरी तिथं केलीस, हितं खरकट्यात काय हुडकतोस?"

मी मागितली नाही. रेडिओवरची ती नोकरी गेली असती. आता तो नाही, आणि माझी नोकरीही नाही, म्हणून लिहिणं सोपं झालं आहे, हेही खरंच. माझ्या नावावरच्या कार्यक्रमांतला धनगर, पेशकार, बकरी, सगळं त्याचं. त्याला बाहेर बसवल्यानंतर जे लिहिलं ते माझं. माझ्या त्या विनोदांना कुणी हसलं नाही.