स्कूटर गॅरेजमध्ये होती तो आठवडा

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला रोज रात्री एक आकडा लिहायला सांगितला. मन पार खचलेलं असेल तर एक, उत्तम असेल तर दहा. शेजारी त्या दिवशी काय केलं ते दोन शब्दांत. महिनाभर लिहून आणा, मग गोळी वाढवायची का ते ठरवू, असं म्हणाल्या. मला ती वाढायला नको होती. माझं काम दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात कोष्टकं तपासण्याचं, आणि होती तेवढ्या गोळीनेच सकाळी रकाने डोळ्यांपुढे तरंगायचे.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. आकडा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या नोंदीखाली लिहायचो. सकाळी चहा गाळताना बायको वाचून दाखवायची, "दूध दीड लिटर, तुम्ही तीन." मला हसू येत नसे, तरी तिने ते म्हणावं असं वाटायचं.

आजार सुरू झाल्यावर मी चार्टर्ड बस सोडली होती. आमच्या सेक्टरमधल्या नोकरदारांनी मिळून ठरवलेली ती बस. मागच्या बाकांवर मांड्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते चालत, थंडीत शेंगदाणे फिरत, कुणाच्या मुलाला नोकरी लागली की समोसे येत. इतक्या जणांच्या 'कैसे हैं'ला रोज उत्तर देणं मला झेपेना. त्यापेक्षा स्कूटर बरी. हेल्मेटच्या आत कुणी काही विचारत नाही.

आकडे लिहीत होतो त्याच महिन्यात स्कूटरची क्लच प्लेट गेली आणि गॅरेजवाल्याने 'कल आ जाइए' करत आठवडा काढला. तेवढे दिवस नाइलाजाने बसने गेलो.

महिना संपल्यावर आम्ही दोघं कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो. स्कूटरच्या दिवसांवर दोन आणि तीन होते. बसच्या आठवड्यात चार, पाच, एकदा तर सहा. बायकोने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

मी म्हटलं, यावरून काही सिद्ध होत नाही. मन बरं असेल तेव्हा माणूस लोकांत जातो. बसमुळे मन बरं झालं असं कशावरून? ऑफिसात असा निष्कर्ष मी कुणाला काढू दिला नसता.

"त्या आठवड्यात बस तुम्ही निवडली होती का?"

"नाही. स्कूटर बंद होती."

"मग गॅरेजवाल्याने तुमचा मूड विचारून ती अडकवून ठेवली होती का?"

मी म्हटलं, तरी एका आठवड्याचा नमुना फार लहान आहे.

"मग मोठा करा की. कोण नको म्हणतंय?"

डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे पाहिले आणि गोळी तूर्त आहे तेवढीच ठेवली. महिनाभर रोज बसने जा, म्हणाल्या. तरीही आकडे घसरले तर मात्र गोळीबद्दल हट्ट धरायचा नाही. हे मला रास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबलो. परत फिरावं, स्कूटरची किल्ली खिशातच आहे, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचे पंजाबी हेडक्लार्क माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बैठिए साहब, आपके पत्ते बाँट दिए हैं।"

कैसे हैं, असं कुणी विचारलं नाही. त्यांनी सरकून जागा केली. पत्ते अगदीच वाईट आले होते. मी ते रंगाप्रमाणे लावून घेतले आणि माझी पाळी येण्याची वाट बघत बसलो.