देवीदासभाऊंचं ‘होऊ द्या’

देवीदासभाऊ गेल्याचं मला आमच्या सोलर पंप दुरुस्तीच्या ग्रुपवरच कळलं. ग्रुप त्यांनीच काढलेला. मी मुकुटबनजवळच्या एका विहिरीवर कंट्रोलर उघडून बसले होते. तो तसाच बंद केला आणि घरी येऊन बाप गेल्यासारखी रडले. आज लिहितेय ते मात्र रागाने... आणि तो राग मी लपवणार नाही.

ग्रुपचा रिवाजही त्यांचाच. नव्या माणसाने उत्तर द्यावं, पण वर ‘शिकाऊ’ लिहावं. आणि जाणत्याने खाली ‘होऊ द्या’ म्हटल्याशिवाय कुणी वायरीला हात लावू नये. ऊन असेपर्यंत पॅनल जिवंत असतं, चुकलं तर माणूस जातो. माझ्या उत्तराखाली नेहमी भाऊंचंच ‘होऊ द्या’ यायचं. त्याच्या भरवशावर मी बिनधास्त लिहीत गेले. माझ्यामागून आलेल्यांचं ‘शिकाऊ’ त्यांनी काढलं, माझं ठेवलं. एकदा महागावला त्यांच्या घरी गेले तेव्हा विचारलंच, “भाऊ, माझं कधी सुटणार?” बशीत चहा ओतत म्हणाले, “घाई कायले करतं वं? मी पाहून राह्यलो ना!”

तेरवीला त्यांच्या पत्नीजवळ, शोभावहिनींजवळ बसले होते. म्हटलं, माझं प्रत्येक उत्तर भाऊ किती बारकाईने वाचायचे! वहिनी गोंधळल्या. “वाचत कायचे, ताई? शुगरनं डोळे अधू झालते त्यायचे, मोबाइलवरचं अक्षर दिसत नोतं. मोबाइल मीच पाहत होती. बाकीच्यायचं सारं वाचून दाखवा लागे. तुमचं नाव आलं का म्हणत, तिचं वाचू नोको, ‘होऊ द्या’ लिहून टाक.”

“मग माझं शिकाऊ का नाही काढलं?”

“म्हणत, काढलं त थे मले इचारीन काय?”

ऐकणारे म्हणतात, केवढा विश्वास! कसला डोंबलाचा विश्वास? गावोगावचे लोक माझ्या शब्दावर वायरी सोडवत होते आणि माझ्यामागे कुणीच उभं नव्हतं. मी जाणती झाले हे त्या घरात दोघांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. आपल्याला कुणीतरी विचारत राहावं म्हणून भाऊंनी मला लहान ठेवलं. फसवलं त्यांनी मला.

परवा फुलसावंगीच्या मेकॅनिकने ग्रुपवर विचारलं, मोटर उलटी फिरून राह्यली, काय करू? नव्यानेच आलेल्या एका मुलीने वर ‘शिकाऊ’ लिहून उत्तर दिलं: मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. उत्तर बरोबर होतं. सगळे खालच्या ‘होऊ द्या’ची वाट पाहत राहिले, सवयीने मीही. मग ते पुन्हा वाचलं. आधी स्विच पाडून कंट्रोलरमधला करंट उतरू द्यायचा, हे लिहायचं ती विसरली होती. मी तसं सांगितलं, तिने सुधारलं. मग तिच्या उत्तराखाली मी ‘होऊ द्या’ लिहिलं.

आणि तिला वेगळा निरोप धाडला... तुझं प्रत्येक उत्तर मी वाचेन. ज्या दिवशी वाचायचं सोडेन, त्या दिवशी आधी तुला सांगेन.